परीक्षेबाहेरचे वाचन : नांदेड-लातूरच्या वाचनव्यवहाराचा एक आलेख

१

वाङ्मयेतिहास हा बहुतेक वेळा लेखकांचा आणि ग्रंथांचा इतिहास असतो. ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या प्रेरणेने लिहिला याची नोंद तो काटेकोरपणे ठेवतो. पण तो ग्रंथ कोणी वाचला, कोणत्या पुस्तकाच्या पाठोपाठ वाचला आणि वाचून त्याचे काय केले, या प्रश्नांपाशी तो क्वचितच थांबतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ येथे 'अपेक्षाक्षितिजा'ची कल्पना मांडली, त्यानंतर वाचक हा समीक्षेच्या चर्चेत सन्मानाने आला. मात्र तो आला तो बहुधा एक तात्त्विक गृहीतक म्हणून. वोल्फगांग इझर यांचा वाचक संहितेच्या आतच वस्तीला असतो. त्याला गाव नसते, मातृभाषा नसते, वर्गणी भरण्याची अडचण नसते. रॉबर्ट डार्न्टन आणि रॉजेर शार्तिए यांच्यासारख्या इतिहासकारांनी ही उणीव ओळखून प्रत्यक्ष वाचकांचा शोध घ्यायला सुरुवात केली. मराठीत हा शोध अजून तुरळक आहे, आणि जो झाला आहे तो मुख्यतः पुण्या-मुंबईच्या ग्रंथव्यवहाराभोवती फिरतो.

या शोधाच्या साधनांत एक साधन विशेष मोलाचे आणि तितकेच दुर्लक्षित आहे. वर्षअखेरीस किंवा काही महिन्यांच्या अंतराने एखादा वाचक आपल्या अलीकडच्या वाचनाकडे वळून पाहतो आणि काय काय वाचले याचा हिशेब मांडतो. साप्ताहिकांनी आणि दिवाळी अंकांनी हा लेखनप्रकार रूढ केला. अशा हिशेबात एखाद्या कादंबरीशेजारी शेतीविषयक पुस्तिका, चरित्राशेजारी वैद्यकाचे पुस्तक, नव्या कवितेशेजारी जुनी बखर असते. त्या यादीला आतून कोणतीही शिस्त नसते, आणि तेच तिचे ऐतिहासिक मूल्य आहे. अभ्यासक्रम सांगतो की समाजाने काय वाचावे असे ठरले होते. वैयक्तिक वाचनाची यादी सांगते की एका माणसाच्या हाती खरोखर काय आले.

या साधनाच्या मर्यादाही उघड आहेत. यादीत वाचून संपविलेली पुस्तके येतात, अर्ध्यावर टाकलेली सहसा येत नाहीत. लोकांसमोर ठेवण्याजोगे वाचन नोंदले जाते, चोरून वाचलेले गाळले जाते. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवह्यांनाही हीच मर्यादा आहे. सभासदत्व घरातील पुरुषाच्या नावे असेल, तर पुस्तक माजघरात कोणी वाचले हे वहीवरून कळत नाही. तरीही या साधनांवाचून वाचनाचा इतिहास लिहिता येणार नाही. नांदेड-लातूर या परिसराच्या बाबतीत तर अशा लेखी याद्याच कमी आहेत. तेथील वाचकांनी आपल्या वाचनाचा हिशेब व्याख्यानांत, प्रस्तावनांत, पत्रांत आणि भाषांतरांत मांडला. तो तेथूनच वेचून काढावा लागतो. हा हिशेब वेचत गेले की एक प्रश्न समोर येतो : या प्रदेशातील महत्त्वाचे वाचक इतके विविध, इतके विषयांच्या सीमा न मानणारे का होते?

२

जर्मन अभ्यासक रोल्फ एंगेल्सिंग यांनी युरोपीय वाचनाच्या इतिहासात एक मोठे वळण कल्पिले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लोक मोजकीच पुस्तके पुनःपुन्हा वाचत. पुढे ते पुष्कळ पुस्तके एकेकदा वाचू लागले. पहिल्याला सघन वाचन आणि दुसऱ्याला विस्तृत वाचन म्हणता येईल. या मांडणीवर युरोपातच आक्षेप घेतले गेले आहेत. मराठवाड्यात तर तिची अडचण प्रथमदर्शनीच जाणवते, कारण येथे पहिला प्रकार संपून दुसरा सुरू झाला असे घडलेच नाही.

१७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला, त्यापूर्वी त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले, ही शीख परंपरेतील मध्यवर्ती घटना आहे. वाचनाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा आहे. गोदाकाठच्या या गावात एका ग्रंथाला देहधारी गुरूच्या जागी बसविले गेले, आणि त्याचे अखंड पठण हीच उपासना ठरली. त्या ग्रंथात नामदेवांची पदेही आहेत. म्हणजे मराठी संताची वाणी गुरुमुखी लिपीत, परभाषकांच्या मुखातून नांदेडात नित्य उच्चारली जात होती, आणि भोवतालचा मराठी समाज ती जवळजवळ न वाचताच ऐकत होता. त्याच परिसरात ज्ञानेश्वरीची आणि गुरुचरित्राची पारायणे होत होती. लातूरकडच्या लिंगायत घरांत मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाचे पारायण होत होते. निरक्षर माणूसही या व्यवहाराच्या बाहेर नव्हता, कारण पोथी ही ऐकण्याची वस्तू होती. एक जण वाची आणि आळी ऐके.

छापील पुस्तक आले तेव्हा ते या श्रवणपरंपरेच्या शेजारी येऊन बसले. ज्या घरात पोथी रोज लावली जाई, त्याच घरात हरिभाऊ आपट्यांची कादंबरी दुपारी वाचली जाऊ शकत होती. परिणाम असा की विस्तृत वाचन करणाऱ्या येथील वाचकाने सघन वाचनाची सवय टाकली नाही. हाती आलेले नवे पुस्तकही तो पोथीसारखे घोळवून वाचू लागला आणि वाचलेले मोठ्याने सांगू लागला. पुढे मराठवाड्यात व्याख्यान हा विचारप्रसाराचा मुख्य मार्ग ठरला, त्याची मुळे या सवयीत शोधता येतात.

३

या परंपरेवर निजामी राजवटीने एक वेगळाच संस्कार केला. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचा उपक्रम केला. एका भारतीय भाषेला विद्यापीठीय ज्ञानाचे माध्यम करण्याचा हा प्रयोग भाषिक दृष्ट्या धाडसी होता, हे मान्य केले पाहिजे. पण ती भाषा संस्थानातील मराठी, तेलुगू आणि कन्नड बहुसंख्यांची नव्हती, हेही तितकेच खरे. खाजगी शाळांवर 'खानगी मदारिस'च्या नियमांचे दडपण होते. गश्ती क्रमांक ५३ या कुप्रसिद्ध आदेशामुळे सभा-संमेलनांना पूर्वपरवानगी लागे. मराठी ग्रंथालय चालविणे, व्याख्यानमाला भरविणे, वर्तमानपत्र मागविणे या साध्या गोष्टींना त्यामुळे आपोआप राजकीय अर्थ आला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला आणि दुसरे १९३८ साली लातूरला भरले. या राजकीय चळवळीची माणसे आणि वाचनालयांची माणसे बहुधा तीच होती. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानियातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले, तेव्हा तर एका पिढीची वाचनभाषाच मध्येच बदलली.

या परिस्थितीकडे केवळ दडपशाही म्हणून पाहिले तर तिची एक बाजू निसटते. शाळेत उर्दू, घरी मराठी, बाजारात तेलुगू किंवा कन्नड, आणि महत्त्वाकांक्षेपोटी इंग्रजी अशा चार भाषांत वावरणारा वाचक या संस्थानाने घडविला. निवडीला वाव कमी होता. म्हणून जे हाती येईल ते, ज्या भाषेत असेल त्या भाषेत वाचावे लागे. पुण्यातील वाचकाचे वैविध्य मुबलकतेतून आले असेल, तर येथील वाचकाचे वैविध्य टंचाईतून आले.

सेतुमाधवराव पगडी हे या घडणीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. त्यांचा जन्म १९१० साली निलंग्याचा. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, आज लातूर जिल्ह्यात आहे. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत राहून त्यांनी फारसी आणि उर्दू साधने मराठी इतिहासलेखनाच्या आवाक्यात आणली. गालिब आणि इक्बाल मराठी वाचकाला समजावून सांगितले. सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला. आणि आदिलाबादकडच्या सेवाकाळात गोंडी आणि कोलामी भाषांचाही अभ्यास केला. 'जीवनसेतु' हे त्यांचे आत्मचरित्र वाचनाचा इतिहास म्हणूनही वाचता येते. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९९४ साली त्यांचे निधन झाले. पगडींच्या कार्याचे मर्म असे की ज्या भाषेत राज्यकर्त्यांचे हुकूम निघत, ती भाषा त्यांनी शत्रूची भाषा मानली नाही. औरंगजेबाच्या दरबारी कागदांतून मराठ्यांचा इतिहास वाचता येतो, हे त्यांना तिच्यामुळे कळले. लादलेल्या भाषेचे त्यांनी साधन केले.

पगडींसारखा वाचक मात्र अपवाद होता, याचा विसर पडता कामा नये. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी हैदराबाद राज्यात दहांपैकी सुमारे नऊ माणसे निरक्षर होती. चार भाषांत वाचणाऱ्या मूठभरांचे कौतुक करताना एकाही भाषेत वाचू न शकणाऱ्या या बहुसंख्यांची सावली त्या कौतुकावर पडलेलीच असते.

४

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, आणि १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेतून नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले; ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. मराठवाड्याच्या पुढील वाचनव्यवहाराची दोन केंद्रे अशी एकाच वर्षी अस्तित्वात आली.

नांदेडच्या केंद्राला आकार दिला तो नरहर कुरुंदकर यांनी. १९३२ साली जन्मलेले कुरुंदकर वसमतला शिकले आणि पुढे हैदराबादला गेले. तेथे त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास ही त्यांची ख्याती. इंटरच्या परीक्षेत कुरुंदकरांना वारंवार अपयश आले, ही हकीकत मराठवाड्यात कौतुकाने सांगितली जाते. तिच्यामागील कारण कौतुकापेक्षा अधिक बोधप्रद आहे. ज्या काळात त्यांनी अभ्यासक्रमाची पुस्तके वाचायला हवी होती, त्या काळात ते इतर सर्व काही वाचत होते. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि अखेर प्राचार्य असा त्यांचा प्रवास झाला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, व्यासपीठावर असतानाच त्यांना मृत्यू आला.

त्यांच्या ग्रंथांची नुसती नावे एका ओळीत मांडली तरी ती एखाद्या विलक्षण वाचकाच्या टिपणवहीसारखी दिसतात. 'रिचर्ड्सची कलामीमांसा' आधुनिक इंग्रजी समीक्षेकडे जाते. 'धार आणि काठ' मराठी कादंबरीच्या वाटचालीकडे. 'व्यासांचे शिल्प' महाभारताकडे. 'जागर' आणि 'शिवरात्र' स्वातंत्र्योत्तर राजकारण, समाजवाद आणि धर्मनिरपेक्षतेकडे. भरताच्या नाट्यशास्त्रावर आणि मनुस्मृतीवर त्यांनी केलेले विवेचन आणखी निराळ्या दिशांना नेते. एरवी हे विषय पाच विद्वानांत वाटले गेले असते. कुरुंदकरांच्या बाबतीत ते एकमेकांना प्रश्न विचारतात. मनुस्मृती वाचताना ते समाजशास्त्राचे प्रश्न विचारतात, आणि रससिद्धांत वाचताना त्यामागील समाजाची रचना शोधतात. महाभारतावरच्या अर्वाचीन भाष्यांकडे वळले की इतिहासाचा पुरावा कोठे संपतो आणि वाङ्मयीन कल्पना कोठे सुरू होते, याची ते फोड करतात. ग्रंथाचा विषय कोणताही असो, त्याला दुसऱ्या विषयाच्या न्यायासनासमोर उभे करणे ही त्यांची पद्धती आहे. आणि ती पद्धती विविध वाचनावाचून संभवतच नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या १९६८ सालच्या कादंबरीची प्रस्तावना. ती मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. एका वाचकाने एका लेखकाला आपल्या शिवकालविषयक वाचनाचा हिशेब दिला आणि त्या हिशेबातूनच ऐतिहासिक कादंबरीच्या स्वरूपाविषयीचे प्रश्न उभे राहिले. साधनांची चिकित्सा, व्यक्तिपूजेचा मोह, दंतकथांचे स्थान, राज्यकर्ता म्हणून शिवाजीचे वेगळेपण या गोष्टी तेथे एकत्र येतात. कादंबरीला ही प्रस्तावना कधी कधी जड जाते असेही म्हणता येईल, कारण प्रस्तावनेने उभा केलेला नायक आणि कादंबरीने उभा केलेला नायक सर्वस्वी एक नाहीत. परंतु मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला आपल्या वाचनाविषयी सावध करणारे इतके लोकप्रिय लेखन दुसरे दाखविणे कठीण आहे. रंजनासाठी उघडलेल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांत चिकित्सा वाचावी लागते, हा योग दुर्मिळ.

या पद्धतीचे दोषही नोंदविले पाहिजेत. व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या लेखनात संदर्भांची नोंद क्वचितच राहते. विधान कोणत्या ग्रंथावरून आले हे वाचकाला ताडून पाहता येत नाही. तर्काची ओघवती साखळी पुष्कळदा प्रत्यक्ष संहितेच्या बारकाव्यांना मागे टाकून पुढे जाते. कवितेच्या एखाद्या ओळीपाशी थांबून तिची वीण उलगडण्यापेक्षा तिच्यामागचा सिद्धांत तपासण्यात कुरुंदकरांना अधिक रस आहे. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की असे वाचन एका असामान्य स्मरणशक्तीवर उभे असते. त्याची शाळा होऊ शकत नाही. कुरुंदकरांनंतर नांदेडला त्यांचे चाहते पुष्कळ राहिले, त्यांची व्याख्याने जपली गेली, परंतु परस्परविरोधी विषयांना एका विचारात ओवणारी त्यांची रीत पुढे चालविणे सोपे नव्हते.

५

लातूरच्या वाचनाचा आलेख निराळा आहे. लातूर ही मुख्यतः व्यापारी पेठ. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. दयानंद आणि राजर्षी शाहू ही महाविद्यालये त्याआधीच तेथे उभी राहिली होती. या महाविद्यालयांतील दोन अध्यापकांच्या वाचनाने मराठी साहित्यचर्चेवर ठसा उमटविला.

पहिले जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे अध्यापक असलेल्या वाघमारे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांचे साहित्य अभ्यासले आणि 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत आणला. आज हा शब्दप्रयोग त्या समाजालाच अमान्य आहे. ग्रंथाच्या नावात त्याच्या काळाची खूण राहून गेली आहे. मिलिंदच्या परिसरात म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील अध्ययनानंतर जी चर्चा सुरू केली आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने जिला मंच दिला, तिच्यात वाघमारे यांच्या वाचनाने भर घातली. दलित साहित्याची तुलना मध्यमवर्गीय मराठी साहित्याशीच का करावी, ती जगातील दुसऱ्या वंचितांच्या साहित्याशी का करू नये, हा प्रश्न त्या वाचनातून बळावला. ही तुलना नेहमीच नेमकी ठरते असे नाही. वंश आणि जात यांच्या रचना भिन्न आहेत. अस्पृश्यतेला कातडीच्या रंगासारखी दृश्य खूण नसते, आणि गुलामगिरीसारखा मुक्तीचा एक निश्चित दिवसही नसतो. तरी दूरच्या पुस्तकाने जवळचे दुःख वाचता येते, हे या तुलनेने दाखवून दिले.

दुसरे सूर्यनारायण रणसुभे. दयानंद महाविद्यालयात हिंदी शिकविणाऱ्या रणसुभे यांनी शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हिंदीत नेले; दुसऱ्याचे हिंदी नाव 'उठाईगीर'. भाषांतर हे वाचनाचे सर्वांत कष्टाचे रूप आहे, कारण भाषांतरकाराला एकही वाक्य ओलांडून जाता येत नाही. लातूरच्या बोलीतील शब्द आणि शिव्या, एका विशिष्ट जमातीची सांकेतिक भाषा उत्तरेकडील हिंदी वाचकाला कळेल अशी करणे म्हणजे ती आधी मराठी अभिजनांच्या प्रमाणभाषेबाहेर उभी राहून वाचणे होय.

'उचल्या'चा उल्लेख येथे दुसऱ्या कारणासाठीही आवश्यक आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९८८ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळविलेल्या या आत्मकथनाचा नायक लातूरजवळच्या धनेगावचा. त्याच्या जमातीवर 'गुन्हेगार' हा शिक्का जन्मतःच होता. त्यामागचा कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र गेला नाही. तो मुलगा शाळेत जाऊ लागला आणि वस्तीतील मुले आजारी पडली, तेव्हा दोष त्याच्या शाळेत जाण्याला दिला गेला. अक्षरओळख हीच जेथे अरिष्टाचे कारण मानली जाते, तेथे 'विविध वाचन' या शब्दाचा अर्थच पालटतो. फ्रेंच विचारवंत मिशेल द सेर्तो यांनी वाचकाला परक्या रानात चोरून शिकार करणाऱ्याची उपमा दिली आहे. वाचकाच्या स्वातंत्र्याचे वर्णन म्हणून ती सुंदर आहे. पण चोरीचा आळ ज्याच्यावर कधी आला नाही, त्यालाच ही उपमा गोड वाटू शकते. सूतगिरणीत काम केलेल्या आणि पोलिसांच्या संशयाखाली वाढलेल्या वाचकाला पुस्तक परक्या रानातून उचलून आणायचे नसते; त्यावर आपला उघड हक्क सांगायचा असतो. पाश्चात्त्य वाचनसिद्धांत मराठवाड्यात आणताना ही फेरतपासणी टाळता येणार नाही.

६

वाचनाच्या या इतिहासाला संस्थात्मक आधार किती मिळाला? हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. १९४८ च्या मद्रासच्या कायद्यानंतरचा देशातील हा अगदी आरंभीचा कायदा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा मुंबई राज्यात मद्रास वा हैदराबादच्या धर्तीचा कायदा नव्हता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. सार्वजनिक ग्रंथालये शासकीय अनुदानावर आणि स्थानिक कार्यकर्त्यांच्या उत्साहावर विसंबून राहिली. उत्साहाची माणसे असतील तेथे ग्रंथालय फुलले. ती गेली की कपाटांना कुलूप लागले. निजामी अमदानीत धोका पत्करून वाचनालय चालविणाऱ्यांना स्वातंत्र्यानंतर धोका उरला नाही, पण निधीही मिळाला नाही.

याच काळात वाचनाचे दुसरे एक शास्त्र लातूरला आकाराला येत होते. ऐंशीच्या दशकापासून राजर्षी शाहू महाविद्यालयात आणि अन्यत्र बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी सुरू झाली. ग्रामीण भागातली मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली. हाच पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर गाजला. त्याची पायाभरणी ज्यांच्या प्राचार्यपदाच्या काळात झाली असे मानले जाते, ते प्राचार्य जनार्दन वाघमारे होत. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच.

यात एक खोल विसंगती आहे, आणि ती एका व्यक्तीची नसून प्रदेशाची आहे. ज्या वाचकाने अभ्यासक्रमाच्या पलीकडे जाऊन सातासमुद्रापारच्या वंचितांचे साहित्य मराठीत आणले, त्याच्याच संस्थेतून अभ्यासक्रमाच्या तंतोतंत वाचनाची सर्वांत यशस्वी पद्धती निघाली. सहज निष्कर्ष असा निघेल की दुसऱ्याने पहिल्याचा बळी घेतला. पण तो निष्कर्ष अन्यायाचा ठरेल. ज्या मुलाच्या घरात एकही पुस्तक नाही, त्याला प्रथम वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेणे ही वाचनाची चैन नव्हे, जगण्याची गरज आहे. शहरी, सुस्थित घरातील मुलाला अवांतर वाचन परवडते, कारण त्याचे परीक्षेतील अपयश कोणीतरी सांभाळून घेते. कुरुंदकरांचे इंटरमधील अपयशही मामाच्या घरातील पुस्तकांनी आणि नांदेडच्या एका शाळेने सांभाळून घेतले होते. ज्याला असे कोणी नाही, त्याने पाठ्यपुस्तकापलीकडे पाहू नये असे त्याला सांगितले गेले, तर सांगणाऱ्याचा हेतू दुष्ट म्हणता येत नाही.

मात्र हेतू शुद्ध असला तरी परिणाम तपासावा लागतो. पॅटर्नचे वाचन हेही सघन वाचनच आहे : मोजकी पुस्तके, पुनःपुन्हा, पाठ होईपर्यंत. पारायणाशी त्याचे बाह्य साम्य लक्षणीय आहे. फरक असा की पारायण संपले तरी ग्रंथ घरात राहतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा उघडला जातो. परीक्षेचे पुस्तक परीक्षेबरोबर संपते. पोथीने श्रोत्यांचा समुदाय घडविला, परीक्षेने स्पर्धकांचा. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर 'नीट' ही परीक्षा अनिवार्य झाली, तेव्हा लातूर आणि नांदेड या दोन्ही गावांतील शिकवणी वर्गांचा पसारा आणखी वाढला आणि वाचनाची भाषाही पुष्कळ अंशी बदलली. एके काळी उर्दूतून ज्ञान घ्यावे लागले म्हणून ज्या प्रदेशाने संघर्ष केला, तेथील पालक आज स्वखुशीने मुलांना इंग्रजी माध्यमाकडे नेतात. माध्यम लादले जाणे आणि माध्यम निवडावे लागणे यांतील अंतर वाटते तितके मोठे नाही.

७

नांदेड-लातूरच्या या आलेखातून वाङ्मयेतिहासाला दोन गोष्टी घेता येतील. पहिली अशी की, वाचनातील वैविध्य हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. भाषांची सत्ता, पुस्तकांची टंचाई, जातीने घातलेली बंधने, ग्रंथालयांचे अर्थकारण आणि परीक्षांचे गणित यांनी ते घडते किंवा मोडते. पगडींचे वैविध्य एका परक्या राजभाषेतून आले, कुरुंदकरांचे अपयशी ठरलेल्या विद्यार्थिदशेतून, वाघमारे यांचे दूरच्या समदुःखींच्या शोधातून, आणि गायकवाडांचा अक्षरांवरील हक्क तर संघर्षातूनच आला. यांपैकी कोणाचेही वाचन नेमलेल्या पुस्तकांच्या मार्गाने गेले नाही.

दुसरी गोष्ट मराठी समीक्षेच्या पद्धतीविषयी आहे. विद्यापीठीय समीक्षा विशेषज्ञतेकडे वळली हे स्वाभाविक आणि आवश्यकही होते. संदर्भांचा काटेकोरपणा, संहितेची जवळून तपासणी या गोष्टी तिने दिल्या, आणि त्यांची उणीव कुरुंदकरांच्या लेखनातही जाणवते. परंतु साहित्याला इतिहासाचे, धर्मशास्त्राचे, राजकारणाचे प्रश्न विचारण्याचे धैर्य विशेषज्ञतेतून आपोआप येत नाही. ते परीक्षेबाहेरच्या वाचनातून येते. असे वाचन करणारे लोक आजही या दोन जिल्ह्यांत आहेत : कुठे एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा आडतीवरचा मुनीम. गेल्या काही महिन्यांत आपण काय वाचले याची टिपणे त्यांनी केली, ग्रंथालयांनी ती जपली आणि अभ्यासकांनी ती साधन म्हणून वापरली, तर या प्रदेशाच्या वाङ्मयेतिहासाला आज नसलेले एक दफ्तर मिळेल. पगडींनी दरबारी कागदांतून इतिहास काढला; सामान्य वाचकांच्या वह्यांतून काढण्याचा इतिहास अद्याप लिहिला जायचा आहे. आणि जुन्या वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या दरवर्षी थोड्या थोड्या वाळवीच्या तोंडी जात आहेत.